दैव पाचवे

कोठे अपघात झाला, चार माणसे गेली, की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘त्यांची वेळ भरली होती, दुसरे काय!’ बोलणारा मनुष्य वाईट नसतो. बहुधा तो कळवळूनच बोलतो, आणि दुसरे काय बोलावे हे त्याला सुचत नाही. परंतु त्या वाक्याच्या पोटी एक सिद्धान्त लपलेला आहे, आणि तो आपण परमार्थाच्या नावावर खपवीत असतो. सर्व काही प्रारब्धाधीन; मग काळजी घेतली काय आणि न घेतली काय, मरणारा मरायचाच, असा त्याचा अर्थ होतो. हे बोलणे खरोखर शास्त्राला धरून आहे काय, एवढाच विचार या लेखात करावयाचा आहे.

विचाराला दृष्टान्त लागतो. तो आपण रेल्वेच्या फाटकाचा घेऊ. खेड्यापाड्यांतून जेथे साधा रस्ता रुळांना छेदून जातो, तेथे आगगाडी आणि ट्रक यांची टक्कर होऊन माणसे दगावल्याच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. या टकरीत एक विशेष आहे. दोघांपैकी एकाला थांबता येते आणि दुसऱ्याला येत नाही. भरधाव आगगाडीला ब्रेक लावला तरी ती किलोमीटरभर पुढे जाऊनच उभी राहते, आणि रूळ सोडून बाजूला होणे तर तिला शक्यच नाही. इंजिन चालवणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी, भोंगा आणि ब्रेक. तेव्हा टळणारे काय आणि न टळणारे काय, याचा विचार करण्यास याहून चांगली जागा सापडावयाची नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. पहिले अधिष्ठान, म्हणजे कर्म जेथे घडते ती जागा. दुसरा कर्ता. तिसरी करणे, म्हणजे साधने. चौथ्या निरनिराळ्या चेष्टा, म्हणजे हालचाली. आणि पाचवे दैव. मनुष्य देहाने, वाणीने वा मनाने जे काही करतो, मग ते न्याय्य असो की विपरीत असो, त्याची कारणे ही पाच. असे असता जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, त्याला दिसत नाही, असेही भगवंत लगेच पुढे सांगतात.

वाचकहो, येथे क्रमाकडे लक्ष द्यावे. दैव आहे, ते नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. त्याच्या आधी चार जण रांगेत उभे आहेत. आपण काय करतो? पहिल्या चौघांना काही न विचारता एकदम पाचव्याचे दार ठोठावतो.

कोणी अभ्यासू म्हणेल, ‘अहो, माउलींनी तर अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ केला आहे. कर्ता म्हणजे जीव, करणे म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणाचे व्यापार. तुम्ही ते रस्त्याला आणि ट्रकला कसे लावता?’ शंका योग्य आहे. ज्ञानेश्वरीत तसाच अर्थ आहे, आणि तोच मुख्य. परंतु कर्म एका कारणाने घडत नाही, पुष्कळ कारणे एकत्र यावी लागतात, हा जो न्याय तेथे सांगितला, तो देहाच्या आत जसा खरा तसा बाहेरही खरा. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासूने ध्यानात घ्यावी. माउलींच्या अर्थाप्रमाणे दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता. जशी डोळ्याची देवता सूर्य. अचानक कोसळणारा आंधळा योगायोग असा अर्थ तेथे नाहीच. ज्या शब्दात मुळी प्रकाश आहे, तो आपण अंधार झाकायला वापरतो!

आता प्रसंग घेऊ. तो मुद्दाम दूरचा घेतला आहे. आपल्या माणसांचे मरण पाहताना डोळ्यांत पाणी येते आणि विचार अडतो. शिवाय या अपघाताची चौकशी पुरी होऊन ती जगापुढे मांडली गेली आहे.

अमेरिकेत मिझुरी नावाचे राज्य आहे. तेथे मेंडन या लहानशा गावाजवळ शेतांमधून जाणारा खडीचा रस्ता रूळ ओलांडून जात असे. २७ जून २०२२ रोजी दुपारी लॉस एंजेलिसहून शिकागोकडे निघालेली उतारूंची गाडी ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने तेथे आली, आणि बांधकामासाठी दगड भरून नेणारा एक ट्रक त्याच वेळी रुळांवर चढला. टक्कर झाली. गाडीची इंजिने आणि सगळेच्या सगळे डबे रूळ सोडून गेले, बरेचसे आडवे पडले. तीन उतारू आणि ट्रकचा ड्रायव्हर असे चार जीव गेले. दीडशेच्या आसपास माणसे जखमी झाली. गाडीत स्काउटची मुले होती. त्यांनी स्वतः सावरून इतरांची मलमपट्टी केली.

आता पाचही कारणांना एकेक करून विचारू.

प्रथम कर्त्याला विचारू, कारण सर्वांचे बोट पहिल्याने त्याच्याकडेच जाते. फाटकाजवळ थांबण्याची खूण असलेली पाटी होती. ट्रक थांबला नाही. का थांबला नाही? तेथील राष्ट्रीय चौकशी मंडळाने स्वच्छ लिहून ठेवले की ड्रायव्हर न थांबता पुढे गेला आणि त्याचे कारण कळलेले नाही. सांगणारा तर गेला. मेलेल्या माणसाच्या मनात शिरून ‘तो बेफिकीर होता’ असे ठरवणे सोपे असते, कारण तो उत्तर देत नाही. मंडळाने तसे केले नाही. थांबला नाही एवढे खरे, ते त्यांनी लिहिले, आणि जेथे कळत नाही तेथे लेखणी थांबवली. निंदेच्या बाबतीत एवढा संयम आपण पाळला तर आपले अर्धे पाप कमी होईल.

मग अधिष्ठानाला विचारू. रस्ता रुळांना काटकोनात छेदत नव्हता, तिरका जात होता. त्यामुळे येणारी गाडी पाहायला ड्रायव्हरला मान पार मागे वळवावी लागे. शिवाय रुळांकडे जाणारा चढ भलताच उभा होता. भरलेला ट्रक अशा चढावर थांबवायचा आणि पुन्हा हलवायचा म्हणजे काय, हे ज्यांनी घाटात मालाची गाडी चालवली आहे त्यांना विचारावे. मंडळाने हेही लिहिले की या फाटकाच्या बांधणीमुळे गाडी दिसणे अवघड झाले होते आणि जड ट्रकांना पाटीप्रमाणे थांबणे कठीण झाले होते. म्हणजे पाटी म्हणत होती ‘थांब’, आणि जमीन म्हणत होती ‘थांबलास तर अडकशील’. दोन आज्ञा, दोन्ही त्याच जागी, एकमेकींविरुद्ध! हे कोणी केले? दैवाने चढ भरला काय?

तिसरी करणे. त्या फाटकाला आडवा दांडा नव्हता, लाल दिवे नव्हते, घंटा नव्हती. पाट्या होत्या, बस्स. चौथ्या चेष्टा. गाडी वेगात आली, पण त्या मार्गावर जो वेग ठरवून दिला होता त्याच्या आतच होती. येथे इंद्रियांचीही एक फसवणूक सांगितली पाहिजे. फार मोठी वस्तू दूरून समोर येत असली की ती प्रत्यक्षाहून सावकाश येते आहे असे डोळ्याला वाटते. हत्ती डुलत येतो असे वाटते आणि उंदीर पळतो असे वाटते, तशातला प्रकार. म्हणून ‘अजून लांब आहे, सहज जाऊ’ असे माणसाला वाटते, आणि ते वाटणे खोटे असते. इंद्रियांवर विसंबू नये हे आपण कीर्तनात ऐकतो. रुळांच्या कडेला ते जीवावर बेतते.

या चौघांची साक्ष झाल्यावर आणखी एक गोष्ट उरते, आणि तीच या लेखाचे मर्म आहे. हे सर्व आधीच माहीत होते! आसपासचे शेतकरी सांगत होते की हे फाटक धोक्याचे आहे. सुधारणा करावयाच्या फाटकांच्या सरकारी यादीतही त्याचे नाव होते. फक्त काम व्हावयाचे होते. अपघातानंतर ते फाटक कायमचे बंद झाले, आणि २०२३ साली त्या राज्याने अशा फाटकांच्या सुधारणेसाठी ५ कोटी डॉलरांची तरतूद केली. पैसा होता, ज्ञान होते, रस्ता होता. जाणणे आणि करणे यांच्यामध्ये जे अंतर पडले, त्या अंतरात चार माणसे मेली.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडची हकीकत याहून मोठी आणि कडू आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ बिनमाणसाच्या फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली आगगाडीखाली सापडली. पन्नासहून अधिक माणसे गेली. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणात मेदक जिल्ह्यातील मासाईपेट येथे नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या पॅसेंजरने शाळेची बस उडवली. डझनाहून अधिक लेकरे गेली. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेची गाडी अशीच सापडली. तेरा मुले गेली. प्रत्येक वेळी लोकांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, नशीब!

पण या तारखांच्या मध्ये आणखी एक तारीख आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेल्वेच्या सुरक्षिततेबद्दल अहवाल दिला. देशातील सारी फाटके, माणूस असलेली आणि नसलेलीही, पाच वर्षांत काढून टाकावीत, त्यांच्या जागी पूल वा भुयारी रस्ते करावेत, आणि त्याला सुमारे ५०,००० कोटी रुपये लागतील, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. मासाईपेटची मुले त्यानंतर दोन वर्षांनी गेली. कुशीनगरची सहा वर्षांनी. मध्यंतरी काम झालेच नाही असे नव्हे. दर वर्षी काही फाटके बंद होत होती. पण कुशीनगरनंतर मात्र कंबर कसली गेली. ब्रॉडगेजवर जी सुमारे ३,५०० बिनमाणसाची फाटके उरली होती, ती जानेवारी २०१९ अखेरपर्यंत संपवली. कोठे माणूस नेमला, कोठे खालून रस्ता काढला, कोठे फाटकच बंद केले. फाटके गेली, तशी त्या जातीची मरणेही गेली.

आता प्रारब्धवाद्याला माझा एकच प्रश्न आहे. त्या साडेतीन हजार फाटकांच्या आसपासच्या सर्व खेड्यांचे खडतर प्रारब्ध जानेवारीच्या ३१ तारखेला एकदम सरले काय? सगळ्यांचे भोग एकाच महिन्यात फिटले काय? तसे कोणी म्हणणार नाही. मग कबूल करावे लागते की ज्याला आपण प्रारब्ध म्हणत होतो, त्यातला बराच भाग न बांधलेला पूल होता.

याने प्रारब्धाचा सिद्धान्त खोटा पडतो काय? मुळीच नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपण मानतो. प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, हे खरे. पण क्रियमाण म्हणजे आता हाती असलेला बाण. हातातल्या बाणालाच ‘सुटला, सुटला’ म्हणत बसणे हा सिद्धान्त नव्हे, तो आळस. शिवाय दुसऱ्याचे प्रारब्ध तुम्हांआम्हांस कोठे दिसते? दिसत नाही, त्याच्या नावावर खर्च टाकणे हे तर सरळ अप्रामाणिकपणाचे झाले.

आपल्या संतांचे वर्तन पाहावे. तुकोबारायांनी दुष्काळ सोसला, घरातले मरण सोसले. स्वतःवर आलेले त्यांनी देवाची कृपा म्हणून पत्करले. पण ज्यांच्याकडे येणे होते त्या कुळांना ‘कर्ज हे तुमचे प्रारब्ध, भोगा आता’ असे ते म्हणाले नाहीत. आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. नाथांना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव भेटले. रामेश्वराला न्यावयाचे गंगेचे पाणी त्यांनी त्याच्या मुखात घातले. गाढवाचे प्रारब्ध त्यांना सांगता आले नसते काय? यावरून संतांची रीत अशी दिसते की स्वतःचे दुःख आले की देवाच्या पायी ठेवायचे, आणि दुसऱ्याचे दुःख दिसले की हात पुढे करायचा. आपण नेमके उलटे करतो. स्वतःला काटा बोचला तर गाव जागे करतो, आणि दुसऱ्याचा मुलगा गेला की त्याला दैव शिकवतो.

दैव हा शब्द कोठेच बोलू नये काय? बोलावा की. ज्या आईचे लेकरू त्या बसमध्ये होते, ती जर रात्री विठ्ठलापुढे बसून म्हणाली, ‘देवा, तुझ्या मनात होते ते झाले,’ तर तिच्या त्या बोलण्यापुढे आपण मान खाली घालावी. तेथे तो शब्द तिला आधार देतो, ‘मीच त्याला त्या दिवशी शाळेत धाडले’ या आगीतून तिला बाहेर काढतो. पण तोच शब्द फाटकाची फाइल अडवून ठेवणाऱ्याने उच्चारला, तर ती देवाची निंदा होय. शब्द एकच, आईच्या घरी औषध, कचेरीत विष.

उलट बाजूचीही एक चूक आहे. दैव सोडले की लोक एकदम एका माणसाला धरतात. ‘ड्रायव्हरच हरामखोर, त्याला फासावर द्या.’ ऑस्ट्रेलियात केरँग गावाजवळ ५ जून २००७ रोजी असाच एक ट्रक उतारूंच्या गाडीवर आदळला आणि ११ माणसे गेली. ड्रायव्हर वाचला. त्याच्यावर खटला झाला, आणि २००९ साली पंचांनी त्याला निर्दोष सोडले. ज्यांची माणसे गेली त्यांना हे सोसणे किती कठीण गेले असेल! तो निकाल योग्य की अयोग्य हे येथून आपण ठरवू नये. एवढेच पाहावे की त्या फाटकाला दिवे होते पण आडवा दांडा नव्हता, आणि तो अपघातानंतर बसवला गेला. एकाला शिक्षा झाली असती तर कदाचित सर्वांचे समाधान झाले असते आणि दांडा राहूनच गेला असता. स्वतःला एकट्याला कर्ता मानणे हे जसे अज्ञान, तसे दुसऱ्या एकट्याला कर्ता मानणे हेही त्याच अज्ञानाचे भावंड आहे. दोषाची वाटणी करायची ती सूड उगवण्यासाठी नव्हे. पाचांपैकी जे कारण आपल्या हातचे आहे ते उद्या दुरुस्त व्हावे म्हणून.

बरे, सगळी फाटके सुधारली, माणूस नेमला, म्हणजे कर्त्याची जबाबदारी संपली काय? तसेही नाही. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ माणूस नेमलेल्या फाटकावरच शाळेची गाडी सापडली आणि तीन मुले गेली. फाटक पडल्याशिवाय सिग्नल मिळूच नये अशी जोडणी काही फाटकांना असते. त्या फाटकाला ती नव्हती. सारा भार एका माणसाच्या जागे राहण्यावर. आडरानातल्या फाटकावर बारा बारा तास एकटा बसणारा मनुष्य कधी तरी डुलकी घेणार, हे त्याला नेमणाऱ्यांनी ओळखले पाहिजे. आणि आपले जागणे हीच आपली पूजा, हे त्यानेही ओळखले पाहिजे. आपण एकादशीला जागर करतो; त्याला रोजच एकादशी.

ड्रायव्हरसाठी तर कायद्याने फार सुंदर रीत घालून दिली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम सांगते की बिनमाणसाच्या फाटकाशी आल्यावर गाडी थांबवावी. क्लीनरने वा बरोबरच्या कोणी खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंना गाडी येत नाही अशी खात्री करावी, आणि मग वाहनाला पुढे वाट दाखवीत पलीकडे न्यावे. बरोबर कोणीच नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून पाहावे. किती जण हे करतात? ‘रोजचाच रस्ता आहे’ म्हणून कोणी उतरत नाही. रोजच्या रस्त्यावरच मनुष्य सर्वांत कमी पाहतो. वाहनातून उतरणे, चार पावले चालणे, दोन्हीकडे पाहणे, दुसऱ्यासाठी वाट मोकळी आहे की नाही याची खात्री करणे : हे कलम लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, पण त्याने साधकाचाच एक नियम लिहून ठेवला.

आणि हा विषय आपल्या वारीला अगदी परका नाही. माउलींच्या पालखीच्या वाटेवर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही गावे आहेत, आणि याच नावांची स्टेशने पुणे-मिरज मार्गावर आहेत. प्रत्येक दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो. वारकरी पायी पोचण्याआधी राहुट्या उभ्या राहिल्या पाहिजेत, चुली पेटल्या पाहिजेत, म्हणून तो घाईत असतो. ड्रायव्हर रात्री झोपला की नाही, हे किती दिंडीचालक विचारतात? फाटक पडलेले दिसले की ‘माउली आहे सांभाळायला’ म्हणून दांड्याखालून वाकून जाणारेही आपल्यातच असतात. माउली सांभाळतेच, तिनेच तो दांडा पाडलेला आहे. ड्रायव्हरला जेवू घालून तासभर निजू देणे, फाटक उघडेपर्यंत उभे राहून दोन अभंग म्हणणे, गावातले धोक्याचे वळण ग्रामसभेत लेखी मांडणे आणि काम होईपर्यंत पाठ न सोडणे, ही सर्व नामस्मरणाच्या आड येणारी कामे नाहीत.

तात्पर्य काय, तर दैवाला त्याच्या जागी बसवावे. ती जागा पाचवी आहे. आधी जागा पाहावी, माणूस पाहावा, साधने पाहावी, हालचाल पाहावी. जे सुधारता येईल ते सुधारावे. एवढे करूनही जे आले, ते विठ्ठलाचे म्हणून पत्करावे. तेव्हा ते पत्करणे खरे, आणि तेव्हाच त्यात शांती आहे. पहिली चार कामे न करता पाचव्याला पुढे करणाऱ्याच्या हाती मात्र शांती येत नाही; दुसऱ्याची लेकरे जातात, आणि तो भजनाला जाऊन बसतो.

रामकृष्णहरि.